शाळेच्या वाशांवरच्या खुणा

माझ्या सासूबाई राजाबाई यांचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. मी त्या घरात नवी नवरी म्हणून आले, त्याच आठवड्यात तेलाच्या बाटलीला बाहेरून कोळशाची बारीक रेघ ओढलेली मला दिसली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक उरकल्यावर मुद्दाम त्या रेघेखाली, तेल उतरलं होतं तिथे बरोब्बर, मी माझी एक रेघ ओढून ठेवली. ती बघून त्यांनी बाटली उजेडाला धरली आणि मग त्या म्हणाल्या, "ही पोरगी टिकंल हितं." माझ्या वाट्याला त्यांच्याकडून आलेलं ते पहिलं कौतुक.

सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणायचे, म्हणून मीही म्हणत असे. तर आत्याबाईंचा वाण्यावर विश्वास नव्हता, भगतावर नव्हता, गावात देवी टोचायला येणाऱ्या माणसावर तर मुळीच नव्हता. पाऊस पडला तरी तो आपल्या शेतात पुरेसा पडला की शेजाऱ्याच्या शेतात जास्त पडला, हे बघायला त्या डोक्यावर इरलं घेऊन बांधापर्यंत जाऊन येत. आमचे हे, म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा बाळाजी (त्या काळी मी नाव घेत नसे, आता घेते), अगदी साधा माणूस. कुणीही काही सांगावं आणि यांनी मान डोलवावी. घरात एवढा भोळा माणूस असल्यावर दुसऱ्या कुणाला तरी संशयी व्हावंच लागतं, असं मला पुढे पुढे वाटू लागलं.

पण त्यांचा संशय काही स्वभावातून उगवलेला नव्हता. त्याला कारण होतं आणि ते कारण त्या मला जेवताना, निवडताना, दळताना, सारखं ऐकवत.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईच्या आधी त्यांचं घर आणि भाताची खाचरं होती ती आज जिथे उल्हासनगरचा कॅम्प आहे तिथे. माझे सासरे आणि आत्याबाई दोघांनी मिळून तिथे विहीर खणली होती. विहिरीवर रहाट नव्हता, दोराने काठ झिजत होता, म्हणून सासऱ्यांनी काय करावं, तर आत्याबाईंच्या माहेरून आलेल्या जात्याची तळी तडकली होती ती उचलून काठावर बसवून टाकली. त्यावरून नवराबायकोचं जे वाजलं ते वर्षभर चाललं. "माज्या आयचं जातं इहिरीला घातलं," असं त्या विसाएक वर्षांनंतरही त्याच रागाने सांगायच्या. सांगताना मात्र हाताने ती तळी किती गुळगुळीत झाली होती ते दाखवायच्या.

मग एक दिवस, रस्ता करायचाय असं सांगत, मोजणीच्या साखळ्या घेतलेली सरकारी माणसं आली. त्यांनी झाडांना आणि घराच्या मेढींना चुन्याचे पट्टे मारले. आत्याबाईंनी त्यांच्यासमोर ताकाचा तांब्या नेला, तर ते म्हणाले, कामावर असताना आम्ही काही घेत नाही. किती सज्जन माणसं, असं आत्याबाईंना तेव्हा वाटलं. पुढे कळलं की पट्टा मारलेलं सगळं लष्कराच्या छावणीत जाणार. सासऱ्यांनी कुठल्याशा कागदावर अंगठा उठवला. लढाई संपली की जमीन परत मिळेल, असं तोंडी सांगण्यात आलं. लढाई संपली, गोरे सोल्जर गेले आणि त्यांच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं राहायला आली. जमीन परत मिळायचं नाव नाही.

तोवर हे कुटुंब आत्याबाईंच्या माहेरी, करवंदवाडीला येऊन राहिलं होतं. बदलापूरहून बारवीच्या वाटेने डोंगराकडे वळलं की आमचं गाव. सासरे तिथेच तापाने गेले. आत्याबाईंना वडिलांनी घराशेजारचा एक तुकडा दिला होता. तो त्यांनी गावच्या शाळेला दिला. अशा बाईने जमीन कशी दिली याचं सगळ्या गावाला नवल वाटलं होतं. मी एकदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुज्या सासऱ्यानं अंगठा उठीवला, कागदात काय हाय ते वाचाया घरात कोन नव्हतं. आता निदान गावात कोन तरी वाचनारं असंल." त्यांची धाकटी लेक चिमी त्याच शाळेत जायची.

शाळा म्हणजे एकच मोठी खोली. कुडाच्या भिंती, सागाचे वासे, वर कौलं. तिची डागडुजी गाव सावडीने करायचं. सावड म्हणजे आज सगळ्यांनी माझ्याकडे राबायचं, उद्या मी तुमच्याकडे. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, पण ज्याचं काम त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. शाळेचं काम असेल तेव्हा जेवण आमच्या घरचं, कारण जागा आमची. सावडीचं जेवण नाकारणं आमच्याकडे फार वाईट समजत. जेवलात तर तुमचं आमचं फिटलं. न जेवता गेलात, तर तुम्ही काहीतरी मागे ठेवून गेलात आणि ते घ्यायला परत येणार.

माझ्या लग्नाच्या पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे पंचावन्न साली, शाळेचं छप्पर एका बाजूने खाली बसलं. वाशांची टोकं वाळवीने खाल्ली होती. तालुक्याहून साहेब येऊन बघून गेले आणि सांगून गेले, जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत छप्पर झालं नाही, तर शाळा नदीपलीकडच्या गावात जाईल. पावसाळ्यात नदी ओलांडून पोरं कोण पाठवणार? मुलींचं तर नावच नको. आत्याबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. कौलं परतणं गावाला येत होतं, पण वासे उतरवून जोडणं हे सुताराचं काम, आणि गावचा सुतार अंबरनाथला कारखान्यात लागला होता.

शाळेचे जयदेव मास्तर धडपडे होते. ते अंबरनाथला गेले आणि दिनानाथ नावाच्या फिटरला गाठून आले. हा मूळचा देशावरचा गडी, बोलका. कारखान्याला सुट्टी असली की आठदहा जण हत्यारं घेऊन कुठल्या तरी गावी जायचे आणि तिथली शाळा नीट करून द्यायचे. पैसा घ्यायचे नाहीत.

"पैसा घ्यायचे न्हाईत," आत्याबाईंनी मास्तरांचे शब्द हळूच परत उच्चारले. "मंग काय घ्यायचे?"

"काही नाही, राजाबाई. समाजसेवा म्हणून करतात."

"आसं व्हय," त्या म्हणाल्या, आणि घरात येऊन मला म्हणाल्या, "बकुळे, त्या दिशी चिमीला घरातच ठेव."

रविवारी ती मंडळी आली. दिनानाथ, त्याच्याबरोबरचे फिटर, आणि एक उंच, पांढऱ्या लेंग्यातला म्हातारा सुतार. त्याचं नाव हासाराम. खांद्यावर हत्यारांची पिशवी आणि लष्करी पद्धतीची, खाकी कापडात शिवलेली पाण्याची बाटली. आत्याबाई पदर खोचून शाळेच्या दारातच उभ्या होत्या.

"कुठनं आलाव, बाबा?"

"कॅम्पमधून, माई. तिकडे बराकीत राहतो."

आत्याबाई तिथून तशाच वळल्या. घरात येऊन चुलीपुढे बसल्या आणि लाकडं अशी आत सारली की राख माझ्या अंगावर उडाली. "माज्या जमिनीवं बसलं ते पुरलं न्हाय. आता हितं आलं बगाया."

मी म्हटलं, "आत्याबाई, तो सुतार आहे. छप्पर करायला आलाय."

"साखळीवालं पन रस्ताच कराया आलं व्हतं," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी काम झपाट्याने झालं हे कुणीही कबूल करील. कौलं उतरली, रीप निघाले, वासे एकेक करून खाली आले. टेकडीवरच्या पाड्यातला वाळू नावाचा गडी जंगलातून नवीन लाकूड घेऊन आला होता. हासाराम सडलेली टोकं कापायचा आणि तिथे नवा तुकडा असा सांधायचा की सांधा हाताला लागू नये. आत्याबाई मधूनमधून येऊन, हात मागे बांधून, बघून जात. काम वाईट असतं तर त्यांना बरं वाटलं असतं असं मला वाटलं.

दुपारी आम्ही पानं मांडली. भात, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. दिनानाथ आणि त्याची माणसं आडवा हात मारून जेवली. हासाराम मात्र आंब्याखाली जाऊन बसला. त्याने फडक्यातून स्वतःच्या रोट्या काढल्या, कांदा फोडला आणि त्या खाकी बाटलीतलं पाणी प्यायला. आत्याबाई स्वतः गेल्या. "बाबा, पान वाढलंय."

त्याने हात जोडले. "माफ करा, माई. मी नाही जेवणार."

"मासळी चालत न्हाय का? नुस्ता भात घ्या."

"चालते. पण नाही."

पाण्याचा तांब्यासुद्धा त्याने घेतला नाही. आत्याबाई परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मला ताकाची गोष्ट आठवली आणि त्यांनाही तीच आठवत असणार हे कळलं. खरं सांगायचं तर मलाही आता कसंसंच वाटू लागलं. मासळी चालते, जात आड येत नाही, भूक आहे, मग नको का?

संध्याकाळी मंडळी गेल्यावर वाळू आमच्या ओट्यावर येऊन बसला. तो बोलायचा कमी. बराच वेळ घुटमळून म्हणाला, "त्यो म्हातारा इचारत व्हता, ही जमीन कुनाची म्हून. आन् राजाबाय आदी कुठं ऱ्हायाची, ते पन."

"तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"म्या काय सांगू? म्हनलो, माला न्हाय ठावं."

आत्याबाईंनी त्याला उठून गूळ दिला. मग त्या अंधार पडायच्या आत शाळेत गेल्या आणि मला हाक मारली. अंगणात वासे ओळीने मांडून ठेवले होते. प्रत्येकाच्या टोकाला गेरूने काहीतरी लिहिलेलं होतं. वर भिंतीवरच्या तुळईवरही, थोड्या थोड्या अंतरावर, तशाच लाल खुणा. अक्षरं बालबोध नव्हती, मोडीही नव्हती. उजवीकडून डावीकडे वाहत गेल्यासारखी वाटोळी अक्षरं, खाली-वर टिंबं. जयदेव मास्तरांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून पुसून पाहिलं आणि म्हणाले, सिंधी असावं, मला काही वाचता येत नाही.

झालं. ज्या बाईने, गावात कुणाला तरी वाचता यावं म्हणून जमीन दिली, तिच्याच शाळेच्या अंगावर कुणालाच न वाचता येणारं काहीतरी लिहिलं गेलं होतं.

तो आठवडा आमच्या घरात फार वाईट गेला. आत्याबाई एकाएकी उठून शाळेपर्यंत जायच्या आणि परत यायच्या. यांना म्हणाल्या, स्कूल बोर्डाच्या साहेबाकडे जा. हे म्हणाले, बघू. दिनानाथला निरोप पाठवा म्हणाल्या, तर कारखान्याच्या गेटवर निरोप कोण नेणार? गुरुवारी मी नदीवरून धुणं घेऊन आले, तर शाळेच्या अंगणात आत्याबाई उकिडव्या बसलेल्या. हातात नारळाचा काथ्या, शेजारी पाण्याची बादली. वासे घासून घासून लख्ख झाले होते. तुळईवरच्या खुणा पुसायला त्यांनी लांब बांबूला ओलं फडकं बांधलं होतं, आणि तेही काम उरकलेलं होतं. गेरूचं पाणी अंगणभर पसरलं होतं.

"आत्याबाई, काय केलंत हे? सुताराच्या कामाच्या खुणा असतील त्या."

"चुन्याच्या पन कामाच्याच खुना व्हत्या," त्या काथ्या पिळत म्हणाल्या. "तवा पुसल्या असत्या तर?"

मी चिडले. म्हटलं, छप्पर झालं नाही तर शाळा नदीपार जाईल, चिमी घरी बसेल, मग तुम्हीच कपाळाला हात लावून बसाल. त्या म्हणाल्या, शाळा जाईल तर जाईल, जागा तरी राहील. मग लगेच म्हणाल्या, "न्हाय, शाळा पन न्हाय जायाची." दोन्ही एकदम कसं व्हायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी धुण्याची बादली तशीच उचलून घरी आले आणि त्या दिवशी आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

पुढच्या रविवारी आभाळ भरून आलं होतं. शाळा उघडायला आठवडाच राहिला होता. गावातले पुरुष सगळे कामाला आले. हासारामने खांद्यावरची बाटली आंब्याच्या फांदीला अडकवली, पहिल्या वाशाकडे गेला, त्याचं टोक बघितलं, दुसऱ्याचं बघितलं, मग वर तुळईकडे बघितलं. त्याने हातातली हत्यारांची पिशवी जमिनीवर ठेवली आणि खाली बसला. दिनानाथने विचारलं तेव्हा त्याने नुसता हात फिरवून दाखवला.

"कुणी पुसलं हे?" दिनानाथ ओरडला.

गावचे पाटील हिंदुराव पुढे झाले. पाटलांना दोषी शोधायला वेळ लागत नसे. त्यांनी वाळूकडे बोट दाखवलं. "लाकूड यानंच आनलं. नवा साग बघून नियत फिरली असंल. खुना पुसल्या म्हंजे कंचं लाकूड गेलं ते कळायचं न्हाय. बोल रं."

वाळू खाली बघत उभा राहिला. त्याने नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. पाड्यातल्या माणसाला पाटलांपुढे नाही म्हणून उपयोग नसतो हे त्याला ठाऊक होतं. कुणीतरी त्याचा दंड धरला. मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं, हे माझ्याकडे बघत होते. आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आत्याबाई आल्या. भात ढवळायची पळी हातात तशीच होती.

"त्याला सोडा. म्या पुसल्या."

पाटील काहीतरी म्हणायला गेले, तर त्या म्हणाल्या, "परत लिव्हा, परत पुशीन. आदी ह्यानं सांगावं, माज्या जागंवं काय लिव्हलं." आणि थेट हासारामसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

तो उठला. रागावला नव्हता. त्याने एक वासा उचलून त्यांच्यापुढे धरला. "माई, ही सगळी लकडी हाताने तासलेली आहे. कोणी वाकडा, कोणी जाडा. ज्याची जागा त्यालाच बसते, दुसऱ्याला नाही बसत. वर एक अक्षर, लकडीवर तेच अक्षर. निशान नसेल तर लकडी आपल्या घरी परत नाही जात. बस, एवढंच."

"मंग जमीन कुनाची, ते का इचारलं? मी आदी कुठं ऱ्हायाची, ते का? जेवत का न्हाय आमच्यात? पानी पन का घेत न्हाय?"

एवढे प्रश्न एकदम ऐकून दिनानाथ मध्ये पडायला गेला, पण हासारामने त्याला थांबवलं. तो बोलायला लागला तेव्हा त्याची नजर आत्याबाईंच्या हातातल्या पळीवर होती.

"आम्ही आलो तेव्हा सरकार बोललं, बराकी खाली आहेत, राहा. खाली आहे, तर राहिलो. पण पाऊस पडला ना, तर बराकीच्या मागे पाणी एका रेषेत थांबतं. बांध आहे तिथे, भाताचा. मी पण तिकडे जमिनीवाला होतो, माई. बांध मला कळतो. मी सगळ्यांना विचारलं, कोणाचं शेत? कोणाला माहीत नाही. मग हा दिनानाथ बोलला, त्या जमिनीवाले लोक इकडे डोंगराकडे येऊन राहिले, त्यांची शाळा पडली आहे. म्हणून आलो. इतकी वर्षं ज्याच्या शेतात झोपलो, त्याला कधी काही दिलं नाही. त्याच्याच घरी येऊन परत जेवण घेऊ? ते माझ्याने नाही होत."

म्हणजे आत्याबाईंचं बरोबर होतं. हा माणूस फुकट काम करत नव्हता. सावडीला उलटा हिशेब लावून तो आमच्याकडे आधीच राबायला आला होता, आणि आमचं अन्न घेतलं असतं तर त्याचं फिटणं पुन्हा मागे पडलं असतं. हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. आत्याबाईंना लागला नसावा. त्यांनी पळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तुमच्या बराकीमागं इहीर हाय?"

"आहे. त्याचंच पाणी घेऊन येतो मी," त्याने आंब्यावरच्या बाटलीकडे हात केला. "चांगली विहीर आहे. बस, एक गोष्ट मला समजत नाही. तिच्या तोंडाला कोणी चक्कीचा दगड बसवला आहे. दोर फिरून फिरून एकदम चिकना झालाय. मी रोज बघतो आणि हसतो, कोण पागल असेल, घरची चक्की विहिरीला लावली."

आमच्या ह्यांनी तोंड उघडलं. त्यांनी लहानपणी त्या तळीवर बसून पाणी शेंदलेलं होतं. आत्याबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे एकदाच बघितलं आणि हे गप्प झाले.

मी आत्याबाईंकडे बघत होते. ज्या जमिनीसाठी त्या रोज कुणाला ना कुणाला शिव्या घालत, ती जमीन सापडली होती. तिच्यावर राहणारा माणूस समोर उभा होता, आणि तो कबूल करायला, हात जोडायला तयार होता. सगळं गाव साक्षीला होतं. त्यांनी फक्त हो म्हणायचं होतं.

"मंग ती आमची न्हाय," आत्याबाई म्हणाल्या. "आमच्या इहिरीला जातं नव्हतं. तुमी चुकीच्या घरी आलाव, बाबा."

हासारामने हातातला वासा खाली ठेवला. "पक्कं, माई?"

"मला माजी इहीर कळत न्हाय व्हय?"

"मग तुमचं माझं काही देणं नाही."

"काय बी न्हाय. म्हंजे सावडीचं जेवान घेतल्याबिगर जाता यायचं न्हाय," त्या म्हणाल्या, आणि पाटलांकडे वळून, "त्याचा दंड सोडा आदी. आन् उचला लाकडं. ढग बघा केवढं आलं."

खुणा असत्या तर दुपारपर्यंत छप्पर उभं राहिलं असतं. नव्हत्या, म्हणून प्रत्येक वासा प्रत्येक जागी लावून बघावा लागला. वर चढवायचा, बसला नाही की उतरवायचा. पाटलांनीही खांदा दिला. वाळू वर चढून बसला तो उतरलाच नाही. आत्याबाई खाली उभ्या राहून सूचना करत होत्या, त्यांतल्या निम्म्या चुकीच्या, पण ज्यांनी खुणा पुसल्या त्यांनाच गप्प बस म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

दुपार कलल्यावर पानं मांडली. हासाराम सगळ्यांच्या पंगतीत बसला. आत्याबाईंनी त्याला भात वाढला, बिरडं वाढलं, वर तूप वाढलं. तूप आमच्या घरात बाळंतिणीलाच मिळायचं. तो खाली मान घालून जेवू लागला. मी पाणी वाढत होते, म्हणून मला दिसलं. आत्याबाई आंब्याखाली गेल्या. त्यांनी फांदीवरची ती खाकी बाटली काढली. बूच कसं उघडतं ते त्यांना कळेना, थोडी खटपट करावी लागली. परक्याच्या घरचं पाणी न पिणारी ती बाई पंगतीकडे पाठ करून उभी राहिली आणि घटाघटा पाणी प्यायली. घरात माठ भरलेला होता. हासारामनेही वर पाहिलं होतं. त्याने लगेच नजर पानात घातली आणि भात कालवत राहिला.

छप्पर दिवस मावळता पुरं झालं. कौलं दुसऱ्या दिवशी गावाने चढवली आणि शाळा वेळेवर उघडली. चिमी पुढे सातवी झाली. पण सांगायचं ते हे नाही. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना मी आत्याबाईंना विचारलंच, "जातं तर होतं ना विहिरीला?"

"उपाशी मानूस छपरावं चडवायचा व्हय?" त्या म्हणाल्या. "पडला म्हंजे?"

त्यानंतर त्यांनी त्या जमिनीचं नाव काढलं नाही. काढायची सोयच ठेवली नव्हती स्वतःला, सगळ्या गावासमोर आपली नाही म्हणून बसल्या होत्या. त्यांनी ते मायेने केलं, की सुतार हातचा जाऊ नये म्हणून केलं, की तो जेवला तर जमिनीचा काटा आपल्याच पायातून निघेल म्हणून, हे मी आजवर ठरवू शकले नाही. तेल मोजणाऱ्या बाईच्या हाताखाली राहिलेली मी. मला संशय येतोच.

हासाराम मात्र दर उन्हाळ्यात कौलं परतायला यायचा, आणि दर वर्षी पंगतीत जेवायचा. पुढच्या वर्षीपासून त्याच्या खांद्याला दोन बाटल्या असायच्या. एक तो आंब्याला अडकवायचा. दुसरी काही न बोलता आमच्या चुलीपाशी आणून ठेवायचा आणि शाळेकडे निघून जायचा. आत्याबाई हातातलं काम टाकून ती बाटली उचलायच्या. आधी हलवून बघायच्या, पुरती भरलीय ना. मग बूच काढून वास घ्यायच्या, कॅम्पात आता नळ आलेत, म्हाताऱ्याने आळस करून नळाचं तर आणलं नाही ना. तेवढी खात्री पटली की मगच भिंतीकडे तोंड करून पीत.